नाव कुणाचं, काम कुणाचं? पेशवाईतला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स

सवाई माधवराव पेशवे आणि त्यांच्यासोबत सडपातळ, गंभीर चेहऱ्याचे नाना फडणवीस. हे चित्र बहुतेक मराठी वाचकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. कधी इतिहासाच्या पुस्तकात, कधी दिवाळी अंकात, कधी एखाद्या जुन्या घराच्या बैठकीत टांगलेल्या नकलेच्या रूपात. चित्राखाली दोघांची नावं असतात. चित्र ज्याने काढलं त्याचं नाव मात्र क्वचितच असतं.

तो माणूस म्हणजे जेम्स वेल्स. जन्म १७४७ साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पीटरहेड या बंदरगावात, मृत्यू नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्याला. भारतात तो जेमतेम सव्वाचार वर्षं होता. तेवढ्यात त्याने मुंबई बेटाची दृश्यं काढली, पेशव्यांचा दरबार कागदावर उतरवला आणि घारापुरी, कान्हेरी, वेरूळ इथल्या लेण्यांचं रेखाटन केलं. उत्तर पेशवाईतल्या माणसांचे चेहरे आज आपल्या डोळ्यांसमोर आहेत, त्याचं मोठं श्रेय याच माणसाकडे जातं. असं असूनही तो स्कॉटलंडच्या कलेतिहासात कोपऱ्यात पडला आणि आपल्या इतिहासात तळटिपेत गेला.

माझं शिक्षण अभियांत्रिकीचं. नोकरीची बरीच वर्षं ड्रॉइंगांच्या संगतीत गेली. कारखान्यातल्या कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, टायटल ब्लॉक. त्यात रकाने ठरलेले: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, तारीख काय, आवृत्ती कितवी. ही चौकट कुणाचा मान राखण्यासाठी नसते. उद्या माप चुकलं तर कुणाला विचारायचं हे कळावं म्हणून ती असते. जुन्या चित्रांकडे आपण इतिहासाचा पुरावा म्हणून पाहतो, तेव्हा तीच चौकट तिथेही भरायला हवी असं माझं म्हणणं आहे. वेल्सच्या बाबतीत ती भरायला घेतली की एक मजेशीर आणि थोडी खिन्न करणारी गोष्ट समोर येते.

पीटरहेडहून पुण्याला

वेल्सचं शिक्षण ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात झालं. चित्रकला मात्र त्याने बहुतांशी स्वतःची स्वतः साधली. ॲबर्डीनमध्ये तो स्वस्तात व्यक्तिचित्रं काढून देई. पुढे लंडनला गेला, तिथल्या प्रदर्शनांत त्याची चित्रं लागली, १७८८ आणि १७८९ मध्ये रॉयल अकॅडमीतही लागली. पण त्या काळच्या लंडनमध्ये नामवंत चित्रकारांची काही कमी नव्हती. चाळिशी ओलांडलेला, घरात बायको-मुली असलेला हा माणूस १७९१ साली जहाजात बसला आणि जुलैमध्ये मुंबईत उतरला.

नशीब काढायला भारतात येणारे युरोपीय चित्रकार तोवर बहुधा कलकत्ता, लखनौ आणि मद्रासकडे वळत. पैसा तिकडे होता. झोफानी आणि हॉजेस ही त्यातली मोठी नावं. त्या मानाने मुंबई तेव्हा कंपनीचं लहान, कर्जबाजारी ठाणं. चित्रं काढून घेणारी श्रीमंत गिऱ्हाइकं थोडी. पण स्पर्धाही थोडी, आणि पलीकडे घाट चढून गेलं की पेशव्यांची राजधानी. वेल्सला ही संधी दिसली.

पुण्याचं दार त्याला उघडून दिलं चार्ल्स वॉर मॅलेटने. हा मॅलेट कंपनीचा पुण्यातला पहिला रेसिडेंट, १७८६ पासून संगमावर राहणारा. आम्हा बडोदेकरांना तो अगदीच परका नाही. पुण्याला येण्याआधी तो खंभातला कंपनीचा रेसिडेंट होता. १७७५ च्या फेब्रुवारीत आडासच्या लढाईत हरिपंत फडक्यांनी राघोबादादांचा पराभव केला. छाणीहून वासदला मही ओलांडून आणंदची वाट धरली की हे आडास लागतं. तिथून पळालेले राघोबा खंभातला पोचले आणि त्यांना पुढे भावनगरमार्गे सुरतेला सुखरूप पाठवण्यात याच मॅलेटचा हात होता. मराठ्यांच्या घरातलं भांडण त्याने गुजरातेत जवळून पाहिलं होतं. त्याच भांवडावर तोडगा काढून बसलेल्या नानांशी पुढे पुण्यात त्याला बोलणी करावी लागली. कारकीर्द म्हणतात ती अशी.

मॅलेट राजकारणात मुरलेला होता, पण त्याला लेण्यांचं, प्राण्यांचं, चालीरीतींचं कुतूहलही होतं. त्याला हवा होता हाताने अचूक काम करणारा माणूस. वेल्स त्याला मिळाला.

मुंबईची बारा दृश्यं

वेल्सची ओळख आज व्यक्तिचित्रकार अशी करून देतात. पण भारतात आल्यावर त्याने हाती घेतलेलं पहिलं मोठं काम निसर्गदृश्यांचं होतं. १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत त्याने मुंबई बेट आणि आसपासची दृश्यं टिपली. त्यातली बारा पुढे लंडनमध्ये छापली गेली. माझगावच्या बेलमाँटहून दिसणारा देखावा, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा देखावा, आणि मला सर्वांत मोलाचं वाटणारं ब्रीच कॉजवेचं दृश्य.

हा ब्रीच कॉजवे म्हणजेच हॉर्नबी वेलार्ड. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये खिंडार होतं. भरतीचं पाणी त्यातून आत शिरे आणि बेटाच्या मध्यभागी दलदल करून ठेवी. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत तिथे बांध घालून समुद्राला अडवलं गेलं. मुंबईची सात बेटं एक होण्याच्या कामातला हा पहिला मोठा टप्पा. आज हाजी अलीच्या समोरून गाड्यांची रांग जाते ती याच बांधाच्या जागेवरून. वेल्सने त्याचं चित्र काढलं तेव्हा काम पुरं होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे पाण्याखालून नुकतीच मोकळी होत असलेली जमीन. पुढे ज्या जागेवर अख्खं शहर उभं राहिलं, ती जागा रिकामी असताना कशी होती हे सांगणारी चित्रं मोजकीच आहेत. अशा वेळी निसर्गचित्र हे सर्वेक्षणाच्या नकाशाइतकंच कामाचं ठरतं. नकाशा अंतर सांगतो. उंची, मोकळेपणा, झाडी आणि माणसांची ये-जा सांगायला चित्रच लागतं.

आता या कामाची चौकट भरू. रेखाटन वेल्सचं, साल १७९१-९२. प्रकाशन लंडन, साल १८००. मध्ये आठ वर्षं गेली आणि त्यातली शेवटची पाच वर्षं वेल्स हयातच नव्हता. आपलं पुस्तक त्याने पाहिलंच नाही.

दरबार: जिथे कुणीच चित्रकार नव्हता

१७९२ मध्ये वेल्स पुण्याला आला. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. दोघं त्याच्यासमोर बसले. त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले होते, त्यांचंही चित्र त्याने काढलं. महादजी दीड-दोन वर्षांत, फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. म्हणजे पेशवाईची शेवटची मोठी माणसं एका शहरात होती त्या नेमक्या वेळी कागद आणि रंग घेऊन एक तयार हात तिथे हजर होता. योगायोग म्हणा, पण आपल्या दृष्टीने फार मोलाचा. पेशवा आणि नानांचं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

मॅलेटच्या मनात याहून मोठं चित्र होतं. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे यांचा तह १७९० मध्ये झाला. तो तह म्हणजे मॅलेटच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं यश. शनिवारवाड्यातला तो दरबार भव्य तैलचित्रात उतरावा अशी त्याची इच्छा, आणि काम वेल्सकडे. वेल्सने माणसांचे एकेकटे अभ्यास काढले. त्याचा सहायक रॉबर्ट मेबन यानेही रेखाटनं केली. मोठं चित्र मात्र वेल्सच्या हातून झालं नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते थॉमस डॅनियलने लंडनमध्ये पुरं केलं, १८०५ साली. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात डॅनियलच्या नावाने आहे.

तारखा नीट मांडून पाहा. तह १७९० चा. वेल्स भारतात आला १७९१ मध्ये. डॅनियल काका-पुतणे १७९० साली उत्तर हिंदुस्थान आणि बंगालच्या बाजूला फिरत होते. म्हणजे ज्या प्रसंगाचं हे चित्र, त्या प्रसंगाला दोघांपैकी एकही चित्रकार हजर नव्हता! मग चित्र खोटं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. कारखान्यात आपण दोन प्रकारची ड्रॉइंगं वेगळी ठेवतो. एक, काय बांधायचं ठरलं ते दाखवणारं. दुसरं, प्रत्यक्षात काय उभं आहे ते मोजून काढलेलं. दरबाराच्या चित्रातली रचना, कोण कुठे बसला, कुणाचा हात कुठे, हा भाग ठरवून केलेला आहे. चेहरे, पागोटी आणि बसण्याची ढब यांच्यामागे मात्र समोर बघून केलेली रेखाटनं आहेत. पहिल्या भागावर पुरावा म्हणून भार टाकू नये. दुसऱ्यावर बऱ्याच विश्वासाने टाकता येतो, आणि तो विश्वास डॅनियलमुळे नाही, वेल्समुळे आहे.

हा फरक नुसता बारकाव्याचा नाही. संगमावरची रेसिडेन्सी १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जळाली. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. लाकडी खांब, कमानी, रंगवलेल्या भिंती, काही उरलं नाही. आज वाड्यात गेलं की दगडी जोती आणि तटबंदी दिसते. वर काय होतं हे सांगणाऱ्या थोड्या साक्षींमध्ये या चित्राची गणना होते. साक्षीदार कोण, हे ठाऊक नसेल तर साक्ष कशी तोलायची?

वेरूळ, आणि चौकटीतलं आणखी एक नाव

मुंबईत १७९३ साली डॅनियल काका-पुतणे आले, तेव्हा वेल्स त्यांच्यासोबत आसपासची लेणी पाहायला गेला. पश्चिम भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ काढावा असं वेल्सच्या मनात होतंच. मॅलेटचाही त्याला पाठिंबा होता. या नादातून वेरूळचं काम उभं राहिलं.

वेरूळच्या कैलासात कधी उभं राहिला असाल तर अडचण लगेच लक्षात येईल. डोंगर वरून खाली कापत आणलेला, प्रांगण सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद, आणि त्या प्रांगणाचा बराच भाग देवळानेच व्यापलेला. मागे सरायला जागा नाही. खालून पूर्ण देऊळ एका नजरेत मावत नाही आणि वरून पाहिलं तर तळ दिसत नाही. इथे नुसती नजर चालत नाही. तुकड्यातुकड्याने मोजायचं, कागदावर जुळवायचं आणि मग सबंध दृश्य उभं करायचं. ज्याने कधी साइटवर टेप धरून माप घेतलंय त्याला हे काम किती दमवणारं असेल ते सांगायला नको.

या रेखाटनांवरून २४ चित्रांचा संच लंडनमध्ये १८०३ साली निघाला. खोदकाम थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली. न्यायाने बोलायचं तर शीर्षकपानावर वेल्सचं नाव आहे, ही चित्रं त्याच्या रेखाटनांवरून केली असं स्पष्ट छापलंय. पण झालं काय, की हा संच डॅनियल मंडळींच्या हिंदुस्थानच्या दृश्यांच्या मालिकेत बांधला गेला. सहा भाग, प्रत्येकी २४, एकूण १४४ चित्रं, आणि सगळी मिळून 'डॅनियलची चित्रं'. वेल्सचं नाव कुणी खोडलं नाही. मोठ्या नावाशेजारी ते दिसेनासं झालं. माझ्या अनुभवात श्रेय जातं ते बहुतेक वेळा असंच. चोरी कुणीच करत नाही. फाइलवर वरचं नाव तेवढं राहतं.

पण वेल्ससाठी हळहळताना इथेच थांबणं बरोबर नाही. त्याच्याही आधी मॅलेटसाठी वेरूळची रेखाटनं करणारा एक माणूस होता: गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. पुण्याचा. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने काढलेलं चित्र नोव्हेंबर १७९० चं आहे. वेल्स तेव्हा लंडनमध्ये होता. म्हणजे गंगारामला वेल्सने घडवलं, असं जे सरसकट म्हटलं जातं ते तारखांच्या कसोटीवर अर्धंच खरं ठरतं. वेल्सच्या हाताखाली तो पुढे शिकला, काम केलं, हे खरं. पण साहेब यायच्या आधी त्याचा हात चालत होता. मॅलेटने वेरूळवर लिहिलेला लेख 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात आला, त्यासोबतची चित्रं गंगारामची.

म्हणजे रकाने असे लागतात. सर्वांत वर ज्याच्या नावाने जग ओळखतं तो डॅनियल. त्याच्या खाली वेल्स. वेल्सच्या शेजारी मेबन आणि गंगाराम. आणि खर्चाला मंजुरी देणारा मॅलेट. डॅनियलच्या सावलीत वेल्स गेला आणि वेल्सच्या सावलीत गंगाराम. एकाला न्याय द्यायचा आणि दुसऱ्याला तिथेच ठेवायचं, असं केलं तर आपण तीच चूक एक पायरी खाली सरकवतो.

तो विसरला का गेला?

सवाई माधवराव २७ ऑक्टोबर १७९५ रोजी गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच वेल्सही गेला. साष्टीतल्या लेण्यांची रेखाटनं चालू असतानाच ठाण्याला त्याचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. त्याची थोरली मुलगी सुझॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केलं. त्यामुळे वेल्सचे कागद मॅलेट घराण्यात राहिले आणि जपले गेले, हे आपलं भाग्य. पण घरात जपलेली वस्तू बाहेरच्यांना दिसत नाही, हेही तितकंच खरं. दरबाराचं मोठं चित्र टेटने विकत घेतलं ते २००७ मध्ये. वेल्स, मेबन आणि गंगाराम यांच्या रेखाटनांचा मोठा साठा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे, आणि अलीकडच्या काही वर्षांत तिथल्या अभ्यासकांनी या तिघांना एकत्र मांडायला सुरुवात केली आहे.

तुलनेसाठी आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. जेम्स फोर्ब्स, डभोईचा कंपनीचा अधिकारी. चित्रकार म्हणून तो हौशी. पण तो इंग्लंडला परतला, दीर्घकाळ जगला आणि १८१३ मध्ये 'ओरिएंटल मेमॉयर्स'चे चार खंड स्वतःच्या नावाने स्वतःच काढले. म्हणून डभोईच्या वेशींविषयी बोलताना बडोद्यात आजही फोर्ब्सचं नाव निघतं. हाताचं कसब वेल्सचं अधिक पक्कं होतं. फोर्ब्सकडे होतं ते आयुष्य, पैसा आणि छापखान्यापर्यंत पोचण्याची सवड.

शिवाय वेल्स कुणाचा, हा प्रश्न राहतोच. स्कॉटलंडच्या निसर्गचित्रणाचा इतिहास तिथले डोंगर आणि सरोवरं रंगवणाऱ्यांपासून सुरू होतो. वेल्सचे डोंगर सह्याद्रीचे. आपल्याकडे तो साहेबाचा माणूस. दोन्ही घरचा पाहुणा, म्हणून दोन्हीकडे उपाशी.

मग आपण काय करायचं?

वेल्सचा पुतळा उभारा असं मला म्हणायचं नाही. तो कंपनीच्या वकिलाच्या पैशावर काम करत होता आणि ज्या राज्याचे चेहरे त्याने रंगवले ते राज्य कंपनीने पंचवीस वर्षांच्या आत गिळलं, हे विसरून चालणार नाही. पण पुरावा म्हणून त्याचं चित्र वापरायचं आणि त्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही इतिहासाचं वागणं नव्हे.

आपल्यासारखी मंडळं दरवर्षी स्मरणिका काढतात, व्याख्यानांना चित्रं दाखवतात, जुनी छायाचित्रं गोळा करतात. त्या प्रत्येक चित्राखाली चौकट पुरी भरायची, एवढं आपल्या हातात आहे. प्रसंग कधीचा, चित्र कधीचं, समोर बघून कुणी काढलं, पुढे कुणी रंगवलं किंवा कोरलं, आणि मूळ आज कुठे आहे. पाच ओळींचं काम. हीच सवय बडोद्याच्या वास्तूंच्या जुन्या नकाशांना आणि फोटोंनाही लावता येईल. तिथेही वास्तुकाराचं नाव सगळ्यांना पाठ असतं, मापं घेणाऱ्याचं कुणाला नाही.

दरबाराच्या चित्रापासून सुरुवात करायची तर ओळ अशी असावी: शनिवारवाड्यातील दरबार, प्रसंग १७९०. तैलचित्र थॉमस डॅनियल, लंडन, १८०५. मूळ अभ्यास जेम्स वेल्स आणि रॉबर्ट मेबन, पुणे. मूळ चित्र टेट संग्रहालय, लंडन. आणि वेरूळच्या चित्राखाली: खोदकाम थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली, १८०३. रेखाटन जेम्स वेल्स. त्याआधी हेच काम करणारा, गंगाराम तांबट, पुणे.